फांदी द्यावी, जास्वंद राखावी

आमच्या घरामागं परडं आहे. हातकणंगलेत जुन्या घरांना अजून अशी परडी उरली आहेत. कुठं आडाशेजारी शेवगा, कुठं कढीपत्ता, आणि कुंपणाला हटकून लाल जास्वंद. माझ्या परड्यात मी जास्वंदीची रोपं तयार करते. आधी शेजारपाजारच्या बायकांना देण्यापुरती करत होते. मग ओळखीतून इचलकरंजी, वडगाव, जयसिंगपूरचे लोक येऊ लागले आणि त्याचंच काम झालं. पावसाळ्यात पिशव्या भरायच्या, हिवाळ्यात किडीवर लक्ष ठेवायचं, उन्हाळ्यात रोपांवर सावली धरायची आणि वर्षभर येणाऱ्यांच्या जास्वंदीच्या तक्रारी ऐकायच्या.

इतकी वर्षं या झाडात हात घातल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आपल्या दारातली साधी लाल जास्वंद माणसाच्या हातानंच जगते. तिला भरभरून फुलं येतात, पण आपल्याकडं फळ जवळजवळ धरत नाही. शिंजीर येतो, फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध पितो आणि जातो. त्याच्या येण्यानंही बी धरत नाही. फूल एक दिवसाचं. सकाळी उमललं की दुसऱ्या दिवशी गुंडाळून देठासकट खाली. बी नाही, म्हणजे वाऱ्यानं, पाखरानं किंवा पाण्याबरोबर कुठं जाऊन उगवणंही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली तिच्या शास्त्रीय नावात चीन घातला, पण चीनच्याच काय, कुठल्याही देशाच्या रानात आपोआप वाढलेली ही जास्वंद आढळलेली नाही. ती जिथं आहे तिथं कुणीतरी फांदी नेऊन लावली म्हणून आहे. तुमच्या दारातलं झाड हा कुणाच्या तरी आजीच्या दारातल्या झाडाचा तुकडा असतो, आणि त्या आजीचं झाड आणखी कुणाच्या तरी दारातलं.

हे ध्यानात आल्यापासून फांदी कापण्याच्या कामाकडं मी वेगळ्या मनानं बघते.

मृगाचा पाऊस पडला की कामाला सुरुवात होते. फांदी पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब घ्यायची. अगदी कोवळी हिरवी कुजते, फार जून झालेली लवकर फुटत नाही. दोन्हींच्या मधली, खाली तपकिरी आणि वर हिरवट अशी निवडायची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा काप डोळ्याच्या जरा वर सरळ. मुळं डोळ्यापाशी लवकर फुटतात, म्हणून निदान दोन डोळे मातीत गेले पाहिजेत. शेंड्याची दोन पानं ठेवून बाकीची काढायची, ठेवलेलीही मोठी असली तर अर्धी कापायची. पिशवीत निम्मी वाळू आणि निम्मी माती, तळाला भोकं, आणि जागा सावलीची.

दोन-तीन आठवड्यांत पालवी दिसते आणि नवी माणसं इथंच घाई करतात. पालवी फुटली म्हणजे मूळ फुटलं असं नाही. फांदीत जो साठा असतो त्यावर पहिली पानं येतात. मुळं मागाहून येतात. त्या वेळी रोप उचललं, उन्हात ठेवलं किंवा ओढून बघितलं की ते बसतं. दीडएक महिना त्याला हात लावू नये. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की मग हळूहळू उन्हाची सवय करावी. वाट बघणं हाच या कामातला अवघड भाग आहे, आणि ज्याला तो जमला त्याची जास्वंद फसत नाही.

रोप लागलं तरी पुढची गाठ आमच्या मातीशी असते. हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा. नद्यांच्या बाजूची जमीन काळी, खोल, चिकण. आळतं, रामलिंगच्या डोंगराकडं गेलं की ती मुरमाड होत जाते. पाऊस मात्र बेताचा. जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात आभाळ फाटल्यासारखा कोसळतो आणि इकडं पूर्वेला येईतोवर त्याचा जोर सरतो. तरीही आमच्याकडं पाण्याची टंचाई वाटत नाही, कारण नदीचं पाणी उपसून उसाला दिलेलं असतं. पाणी दिलं की पीक येतं, हे वळण या मुलखाच्या हाताला लागलं आहे. तोच हात घरी जास्वंदीला पाणी घालतो.

माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ इथं असतं. एक काकी आल्या होत्या. म्हणाल्या, "रोज बादलीभर पाणी घालतीया, तरी पानं पिवळी पडून गळत्यात. आणखी घालू का?" मी म्हटलं, "काकी, आठ दिवस पाणी बंद करा आणि आळ्यात बोट घालून बघा." जास्वंदीच्या मुळांना ओल लागते तशी हवाही लागते. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि मुळं पाण्यात असूनही झाड मलूल दिसतं. मलूल दिसलं म्हणून आपण आणखी पाणी घालतो. शेतकऱ्याला वाफसा समजतो. जमीन ना चिखल ना कोरडी, अशी झाल्यावरच तो पेरणीला हात घालतो. जास्वंदीला बारा महिने वाफसा हवा असतो. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली की पाणी भरपूर द्यावं, नाहीतर देऊच नये. लावतानाच खड्ड्यात मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी, आळं जमिनीपेक्षा जरा उंच करावं. उन्हाळ्यात मात्र बुडाशी पाचटाचं आच्छादन घालावं. ऊसतोड झाल्यावर शेतात पाचट पेटवून देण्यापेक्षा त्यातलं चार मुठी परड्यात आणलं तर मातीची ओल टिकते, आणि कुजलं की तेच खत होतं.

दुसरी तक्रार शेंड्याच्या पानांची. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की लोह कमी पडतंय हे ओळखावं. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर गोष्ट निराळी. तिथं नत्राची भूक असते किंवा पाणी साचलेलं असतं. आमच्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुना आणि क्षार जास्त असले की ते मुळांना घेता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी पडलं की भर पडते. मी हिराकस वापरते. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. मातीत द्यायची तर शेणखतात मुरवून देते. राख घालण्याची जुनी रीत आहे, पण आधीच क्षारयुक्त असलेल्या जमिनीत राख टाळावी. साखर कारखान्याची मळी वापरायची तर ती पूर्ण कुजलेली, थंड झालेलीच वापरावी.

क्षार ओळखण्याचा गुण तर जास्वंदीच्या पाकळीतही आहे. शाळेतली मुलं माझ्याकडं फुलं मागायला येतात. फुलाचे भाग शिकवायला गुरुजींना जास्वंदीसारखं दुसरं फूल नाही. पाच पाकळ्या, मधून निघालेली केसरांची नळी, टोकाला पाच लाल ठिपके. सगळं मोठं आणि उघड. पाकळ्या पाण्यात उकळून रंग काढला आणि त्यात लिंबू पिळलं की तो भडक गुलाबी होतो, खाण्याचा सोडा घातला की हिरवट. मुलं हरखतात. मी त्यांना पिवळं पडलेलं पानही दाखवते आणि सांगते, मातीत क्षार वाढले की हेच झाड पानातूनही कळवतं.

ही गोष्ट परड्यापुरती नाही. अतिपाण्यानं आणि निचऱ्याअभावी हातकणंगले-शिरोळ पट्ट्यातल्या किती तरी चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन शेतकऱ्यांच्या जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले, साचलेलं पाणी बाहेर काढलं आणि पडीक पडलेल्या जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. शेतात जे पाइपनं करावं लागतं ते परड्यात मूठभर मुरमानं होतं. फरक एवढाच की परड्यात चूक लवकर दिसते आणि लवकर सुधारता येते.

तिसरी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते. "ताई, कळ्या लागत्यात, पर फुलायच्या आदीच गळत्यात." कळी गळण्याची कारणं अनेक आहेत. एप्रिल-मे महिन्यांतलं रणरणतं ऊन हे एक. एक दिवस पाणी आणि चार दिवस कोरडं, हे दुसरं. झाडाला दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर हे तिसरं. इचलकरंजीच्या फ्लॅटमधल्या गॅलरीत हेच कारण हमखास असतं. आणि चौथं म्हणजे कीड. वळीव पडून हवा निवली की पहिलं कारण आपोआप जातं, दुसरं-तिसरं आपल्या हातात असतं. किडीसाठी मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा खरा वैरी. कोवळ्या शेंड्यावर, पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसू लागतं, शेंडा आखडतो, पानं मुरगळतात. हीच जातकुळी कपाशीवर पडते आणि भेंडीवरही. त्यात नवल नाही, कारण कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली. इचलकरंजीच्या मागावरचं सूत, रानातली भेंडी आणि देवाच्या पायावरचं लाल फूल यांचं हे नातं मला फार मोलाचं वाटतं. या किडीकडं जायचा रस्ता मुंग्या दाखवतात. कीड गोड चिकट पाणी सोडते, ते खायला मुंग्या येतात आणि किडीला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर शेंडा बघावा. सुरुवातीलाच सापडली तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. जास्त झाली तर तेवढा शेंडा कापून जाळावा. कुंपणापलीकडं टाकू नये, कारण ती शेजाऱ्याच्या दारात जाते. मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडं साबणपाणी, आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारणी. आठवड्यानं पुन्हा. घरातली फुलं देवाला जातात, केसाच्या तेलात जातात, मुलांच्या हातात जातात, म्हणून जहाल औषध मी परड्यात आणत नाही. शिवाय लेडीबर्डसारखे किडे ही कीड खातात. जहाल फवारा मारला की आधी तेच मरतात.

छाटणीचं भय फार जणांना असतं. फुललेली फांदी कापवत नाही. पण जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं. झाड नुसतं उंच गेलं की बुंधा उघडा पडतो आणि फुलं वर हाताला न लागणाऱ्या ठिकाणी. आमच्याकडं घरगुती गणपती गौरीबरोबर जातात, आणि त्या दिवसांत लाल जास्वंदीला जी मागणी येते ती वर्षात पुन्हा येत नाही. भाद्रपदात फुलं हवी असतील तर मेअखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत छाटणी करावी. छाटल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत नवी फूट कळीवर येते. फांदीचा वरचा तिसरा हिस्सा काढावा, आत गेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, आणि मग शेणखत, निंबोळी पेंड घालावी. या छाटणीतूनच लावायच्या फांद्या निघतात. फुलं वाढवणारं काम आणि रोपं वाढवणारं काम हे असं एकच होऊन जातं.

फुलवाले फूल नेत नाहीत, कळी नेतात. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी ओळखू येते. ती लांबट होते आणि टोकाला रंग बाहेर आलेला असतो. ती काढून ओल्या फडक्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळी पाण्याशिवायही उमलते. संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या परड्यात कळ्या काढण्याचं काम चालतं. त्यात सासूबाईंचा हात चांगला. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. आत्ती प्रत्येक झाडावर चार कळ्या ठेवतात. "झाडाला त्याचं फूल ऱ्हाऊ दे," म्हणतात. त्यांच्या या शिस्तीमुळं आमचं परडं कधी ओकंबोकं दिसलं नाही.

आता नवे प्रकार पुष्कळ आले. रोपवाटिकांत पुणे व्हरायटी, ऑस्ट्रेलियन अशा नावांनी ताटलीएवढी, दोन-तीन रंगांची फुलं मिळतात; काहींचं फूल दोन-तीन दिवसही टिकतं. ती मलाही आवडतात. कातरलेल्या पाकळ्यांची, झुंबरासारखी लोंबणारी जास्वंद मूळची पूर्व आफ्रिकेची. कधीच पूर्ण न उमलणारी मिरची जास्वंद वेगळ्याच पण जवळच्या प्रजातीची. मोठ्या फुलांच्या संकरित जातींची मुळं बरेचदा नाजूक असतात. त्यांची नुसती फांदी लावली तर लागेलच असं नाही. म्हणून देशी लाल जास्वंदीच्या खुंटावर पाचर कलम करून त्या वाढवतात. आमच्या काळ्या मातीत ही कलमं तग धरतात ती देशी खुंटाच्या बळावर. खुंटावरून फुटलेली फूट मात्र वेळीच काढावी, नाहीतर देशी झाड कलमाला मागं टाकतं.

नव्या कलमाच्या हौसेत जुनी जास्वंद काढली जाते, हे मला सोसत नाही. घर नवं बांधलं की परड्यात फरशी पडते, कुंपणाची जास्वंद मुळासकट जाते आणि दारात दोन कुंड्या येतात. कुंडीतलं झाड दोन वर्षांत गेलं की दुसरं आणता येतं. कुंपणावरची ती एकेरी लाल, किंवा कुणाच्या घरची जुनी पांढरी, फिकट केशरी, ती कुठल्या रोपवाटिकेच्या यादीत नसते. तिची दुसरी फांदी कुणाकडं नसेल तर ती गेली ती गेलीच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हे मी समोर बघितलं. पंचगंगा, वारणा, कृष्णा सगळ्या पात्राबाहेर पडल्या. निलेवाडीसारखी वारणाकाठची गावं पाण्यानं वेढली गेली. माझं माहेर वारणेच्याच काठाला. आईच्या अंगणात एकेरी लाल जास्वंद होती, तिच्या सासूच्या हातची. पाणी उतरायला बरेच दिवस लागले. घर धुऊन काढलं, चिखल उपसला. झाड उभं होतं, पण मुळं कुजली होती, ते पुन्हा फुटलं नाही. माणसं सुखरूप होती, त्यामुळं झाडाबद्दल कुणी बोललं नाही. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात मी त्या झाडाची फांदी इकडं आणून लावली होती, आणि आमचं घर चढावर असल्यानं ती सुरक्षित होती. पुढच्या मृगात तिच्या फांद्या मी माहेरी नेल्या. आईनं एक अंगणात लावली आणि बाकीच्या गल्लीत वाटल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा त्यातली काही रोपं गेली, काही राहिली. राहिलेल्यांवरून पुन्हा फांद्या निघाल्या.

त्या दोन पुरांनंतर मी रोप विकताना एक गोष्ट आवर्जून सांगते. पैसे देऊन नेलेलं झाड आपलं असतं, पण ते राखायचं असेल तर त्याची फांदी दुसऱ्याकडं असली पाहिजे. बियांची झाडं मातीत आपली सोय करून ठेवतात. जास्वंदीची ती सोय आपण. म्हणून जुन्या देशी जास्वंदीच्या फांदीचे पैसे मी घेत नाही, कलमाचे घेते. नेणाऱ्यानं पुढच्या पावसाळ्यात दोन घरी फांद्या द्याव्यात, एवढंच मागते. बरेच जण देतातही, आणि मग कधी तरी अनोळखी बाई येऊन सांगते की तुमच्याकडची जास्वंद आमच्या नणंदेकडून माझ्याकडं आली.

तुमच्या दारात आजीच्या, आईच्या हातची जास्वंद असेल तर येत्या मृगात एवढं करा. तिच्या वीतभर लांबीच्या चार फांद्या कापा, दोन डोळे मातीत जातील अशा पिशवीत लावा, दीड महिना हात लावू नका. लागलेली रोपं वाटून टाका. त्यातलं एक तरी रोप नदीपासून लांब, चढावरच्या घरी द्या. आणि नवं घर बांधताना परड्यात हातभर जमीन मोकळी ठेवा. जास्वंदीला तेवढी पुरते.